पाण्यात पाहिलेले

पालिकेनं शिडी दिली, निळ्या रंगाचे सहा डबे दिले
आणि एक पोस्टकार्ड, कुठल्याशा परदेशी संग्रहालयाचं :
तळ्यात मानेपर्यंत बुडालेला तो,
वर नुसतं डोकं, तोंडात शेवाळाची जुडी.
मी तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचो.
खाटीक, न्हावी, शेळ्यांचं औषध.

"एवढं धूड जमिनीवर चालेल कसं, एर्मिनिओ?"
मास्तर म्हणाले, "पाय मोडतील.
पाण्यानंच पेललं असणार."

मला पटलं.
डेल्फिनाला त्या उन्हाळ्यात सातवा महिना होता.
लिमाय नदीत छातीपर्यंत उतरून ती म्हणायची,
इथं बरंय, इथं मला वजनच नाही.
बाहेर येताना माझा खांदा धरायची
आणि सगळं ओझं एका पावलात परत यायचं.

तर भिंतभर पाणी काढलं.
जिथं वारा माणसाच्या ताटात वाळू वाढतो
त्या गावात, एका कोरड्या खोलीत,
मी एकट्यानं तळं भरलं.
पोरं येऊन भिंतीला हात लावायची, ओला होतो का बघायला.

पन्नास वर्षं मी त्यांना पाण्यात पाहत आलो.
वैर काही नव्हतं.

आता नोएलिया आंत्रिआओ आलीय,
नखांत प्लास्टर, बुटांत अर्धं वाळवंट.
"आजोबा, पाणी काढून टाकायचंय."
मला वाटलं गळती असेल.

तिनं टेबलावर एक मणका ठेवला.
बाजूनं पोकळ्या, आत जाळी,
जणू पावाचा कापलेला तुकडा.
"यात हवा होती," म्हणाली, "दगड झाल्यामुळे आता जड लागतो.
आणि तुमच्या तळ्याइतकं खोल पाणी
याच्या छातीवर असं बसलं असतं
की पहिलाच श्वास आत गेला नसता."

म्हणजे मी त्याला अर्धं शतक
श्वास कोंडून उभं केलं होतं.

मी विचारलं, मग धरणाकाठचे ठसे?
ती गप्प झाली. ठसे तिला माहीत होते.
पाणी चढलं की ते बुडतात,
उतरलं की थोडे कमी होऊन वर येतात.
कोरड्यात चाललेल्यांच्या पावलांवर
तळं आम्ही आणून ठेवलं, वीज हवी होती म्हणून.
त्याच तळ्याखाली माझ्या बापाचा गोठा आहे,
आणि एक पॉपलर, ज्यावर मी नाव कोरलं होतं.
हे मी तिला सांगितलं नाही.

पत्र्यानं खरवडायला घेतलं.
निळा पापुद्रा पापुद्रा पडू लागला
पाव खाताना पडतो तसा चुरा, बनियनवर, भुवयांवर.
आणि मग लक्षात आलं :
खाली पाय नव्हतेच.
पाण्याखाली कोण बघतंय, म्हणून मी काढलेच नव्हते.
भिंतीवर एक पाठ, एक मान,
आणि पोटाखाली चुना.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी पाय काढायला बसलो.
शेळीचे करून पाहिले, हसू आलं.
हत्तीचे केले, ते हत्तीचेच दिसले.
मग संध्याकाळी डेल्फिना डबा घेऊन आली,
गुडघे दुखतात तरी चढ चढून,
दारात थांबली, एका पायावरचा भार
हळूच दुसऱ्यावर घेतला.

ते मी काढलं.

खांबासारखे चार पाय, एक किंचित उचललेला.
भोवती जारीयाची झुडपं, धूळ,
वाऱ्यानं डावीकडे झुकलेलं सगळं.
फक्त कोपऱ्यात, खाली, हातभर निळा
मी खरवडला नाही.

"हे राहिलं," नोएलिया म्हणाली.
म्हटलं, तहान तर लागत असेल ना.
तिनं मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं,
आधी त्या डबक्याकडे, मग त्या उचललेल्या पायाकडे.

"चालेल," म्हणाली.